एका अंड्याचे पक्षी

ऑकलंडच्या विमानतळावर माझे बूट धुऊन मिळाले. उतरण्यापूर्वी भरायच्या अर्जात एक प्रश्न होता: गेल्या महिनाभरात जंगलात किंवा शेतात गेला होतात का? निघायच्या सहा दिवस आधी मी आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळावर जाऊन आलो होतो. तेच बूट पायात होते. शिलाईच्या खाचांत काळी माती आणि कुसळं अडकलेली. मी ‘होय’ लिहिलं. अधिकारी बूट आत घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी ओले, स्वच्छ बूट परत आणून दिले. शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरीचं पुडकंही मी लिहून दिलं होतं. त्यानं झाकण उघडून पाहिलं, वास घेतला आणि डबा परत दिला. न सांगता आणलेलं सापडलं तर चारशे डॉलर दंड, जागच्या जागी.

ही कडक तपासणी मला मनापासून पटली. माणूस पोचण्याआधी न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे इथले कितीतरी पक्षी निर्धास्तपणे जमिनीवरच अंडी घालायला शिकले. काही उडायचंही विसरले. मग माणसाबरोबर उंदीर आले, मांजरं आली, मुंगसासारखे चपळ स्टोट आले आणि जमिनीवरची घरटी रिकामी होऊ लागली. बाहेरून आलेलं एक कुसळसुद्धा आता हा देश परवानगीशिवाय आत घेत नाही.

सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपून मी आणि बायको जानेवारीअखेर निघालो होतो. भाची दक्षिण बेटावर डुनेडिनला असते. ‘मामा, या वेळी नुसतं शहर नाही दाखवणार, दक्षिणेच्या किनाऱ्यानं गाडीनं फिरवून आणते,’ असं तिनं वर्षभर आधीच ठरवून टाकलं होतं. डुनेडिन ते इन्व्हरकार्गिल हा आतला सरळ रस्ता दोनशे किलोमीटरच्या जरासा वर. आम्ही घेतला तो किनाऱ्याला चिकटून जाणारा, कॅटलिन्स नावाच्या प्रदेशातून वळसे घेणारा. नकाशावर अंतर फार वाढत नाही, पण हा रस्ता दिवस मागतो. आम्ही त्याला तीन दिवस दिले. ते कमी पडले.

गाडी चालवायला सोलापूरच्या माणसाला अडचण नाही. रस्त्याची डावी बाजू आपलीच, चाकही उजवीकडे, आणि परवान्यावर इंग्रजी असल्यानं तो चालतो. नवीन शिकाव्या लागल्या त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे ओढ्यांवरचे एकेरी पूल. ज्याच्या बाजूच्या पाटीवर लाल, बारका बाण असेल त्यानं थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. कुणी हॉर्न वाजवत नाही, घुसत नाही. दुसरी गोष्ट दिशांची. दुपारचा सूर्य इथं उत्तरेला असतो. सावली दक्षिणेला पडते. आयुष्यभर उन्हावरून दिशा ओळखलेल्या माणसाला पहिला दिवसभर आपण उलटे चाललो आहोत असंच वाटत राहतं.

पहिला दिवस ओटागो द्वीपकल्पाचा. डुनेडिनहून पाऊण तासात रस्ता संपतो तिथं समुद्रात घुसलेलं एक टेकाड आहे, ताइआरोआ हेड. माओरी लोक त्याला पुकेकुरा म्हणतात. या टेकाडावर रॉयल अल्बाट्रॉस पक्ष्यांची वसाहत आहे. माणसांची वस्ती असलेल्या मुख्य भूमीवर या पक्ष्याची जगातली एवढीच एक. बाकीचे सगळे दूरच्या निर्जन बेटांवर. टेकाडाच्या पोटात एकोणिसाव्या शतकातली एक तोफही आहे. रशियन आरमार येईल या भीतीनं बसवलेली, गोळा झाडून झाला की खड्ड्यात खाली जाणारी. रशियन कधी आले नाहीत. तोफ अजून आहे आणि तिच्या डोक्यावर पक्षी घरटी करतात.

काचेआड बसून पाहायचं असतं. त्या दिवशी सुरुवातीला वारा नव्हता, आणि वारा नसला की अल्बाट्रॉस उडत नाही. गवतात एक पांढरा पक्षी मातीच्या उंचवट्यावर बसलेला होता, एवढंच दिसत होतं. अर्ध्या तासानं खाडीकडून वारा सुटला आणि टेकाडाच्या कडेवरून एक पक्षी वर आला. पंख हलवत नव्हता. काचेसमोरून गेला तेव्हा त्याच्या पंखांचा विस्तार कळला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटर. सोलापुरी चादर लांबीनं पसरली तरी पुरायची नाही. दोन फेऱ्या मारून तो त्या बसलेल्या पक्ष्याजवळ उतरला, धडपडला, सावरला. मग दोघं चोचीनं एकमेकांचं डोकं विंचरू लागले. त्यांच्यातला एक उठला तेव्हा खाली अंडं दिसलं.

एक अंडं. दोन वर्षांतून एकच. जवळजवळ ऐंशी दिवस नर-मादी आळीपाळीनं उबवतात. पिल्लू आठ महिन्यांचं झालं की एके दिवशी कड्यावरून वाऱ्यावर झेपावतं आणि पुढची काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही. चार-पाच वर्षांनी परत येतं ते इथंच, जन्माच्या टेकाडावर, आणि इतका काळ पायांना सवय नसल्यानं झोकांड्या खात चालतं. त्यानंतरही जोडीदार शोधायला आणि पहिलं अंडं घालायला त्याला आणखी काही वर्षं लागतात. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवाचं एक अंडं गेलं तर दोन वर्षं गेली.

आणि अंडी जातच होती. या टेकाडावर पहिलं अंडं १९२० मध्ये दिसलं. पुढची बरीच वर्षं दरवेळी माणसांनी ती उचलली, कुत्र्यांनी फोडली. मग लान्स रिचडेल हा माणूस आला. तो शिक्षक. शाळाशाळांतून मुलांना शेती आणि निसर्ग शिकवत फिरायचा. त्यानं वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, कुंपणासाठी खटपट केली आणि शेवटी टेकाडावर मुक्काम करून घरट्याची राखण केली. १९३८ मध्ये इथून पहिलं पिल्लू उडालं. त्याआधी १९३७ मध्ये एका वयस्क मादीच्या पायात वाळा घालण्यात आला होता. लोकांनी पुढं तिचं नाव ‘ग्रँडमा’ ठेवलं. साठी ओलांडल्यावरही ती पिल्लं वाढवत होती. १९८९ नंतर ती पुन्हा दिसली नाही.

आजही इथली राखण सुटलेली नाही. पिल्लू बाहेर यायच्या बेताला आलं की वनरक्षक अंडं हळूच काढून उबवणयंत्रात ठेवतात, कारण त्या दिवसांत माश्या अंड्याच्या तड्यात अंडी घालतात आणि पिल्लू मरतं. घरट्यात तोवर बनावट अंडं. पिल्लू सुखरूप बाहेर आलं की आईबापाखाली परत ठेवायचं. उन्हाचा कडाका वाढला तर घरट्यांवर पाण्याचे फवारे. आमच्या वाटाड्या बाईंना मी विचारलं, आईबापाला अंडं बदललेलं कळत नाही का? त्या म्हणाल्या, ‘तो बसून राहतो. बसून राहणं हेच त्याचं काम आहे.’

परत येताना मी गाडीत फार बोललो नाही. बायकोनं विचारलं, ‘नान्नज?’ मी मान हलवली.

आमच्या जिल्ह्यात एका अंड्याचा दुसरा पक्षी आहे. होता म्हणायला जीभ वळत नाही. माळढोक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या माळावर, काही न अंथरता, एकच अंडं घालते आणि सत्तावीस-अठ्ठावीस दिवस उबवते. सत्तरच्या दशकात, दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नजच्या आसपास गवताचे गट राखले गेले. तिथं माळढोक आहे हे सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नोंदवलं आणि त्याच्या रक्षणासाठी सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे रिचडेल आमच्याकडेही होता.

मग फरक कुठं पडला? मी त्या रात्री बराच वेळ हाच विचार करत होतो. अल्बाट्रॉसचं शेत म्हणजे समुद्र. त्याला जमीन हवी ती घरट्यापुरती. एक टेकाड कुंपण घालून राखलं की माणसाशी भांडण मिटलं. माळढोक मात्र माणसाच्याच शेतांत चरतो, नाकतोडे आणि भुईमूग खातो, आणि घरटं कुठल्याही माळावर करतो. अभयारण्य आखलं ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीचा व्यवहार अडला, विहिरीची परवानगी अडली, आणि शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी राग बसला. नंतर क्षेत्र घटवून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळ नांगरले गेले होते, विजेच्या तारा आल्या होत्या. डोळे डोक्याच्या बाजूंना असलेल्या या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. सरकारी कागदांत गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणायची सवय तर फार जुनी. ज्याला पडीक म्हटलं त्याची राखण कोण करणार? आता अंडी यंत्रात उबवायचं काम राजस्थानात, जैसलमेरजवळ, २०१९ पासून चालू आहे आणि तिथं पिल्लं निघत आहेत. ताइआरोआला मी त्या यंत्राविषयी ऐकत होतो तेव्हा डोळ्यांसमोर जैसलमेरच होतं.

दुसऱ्या दिवशी बाल्क्लुथाला क्लुथा नदी ओलांडली. पाण्याच्या मानानं या देशातली सर्वांत मोठी नदी. पुलावरून तिचा हिरवट, भरलेला प्रवाह पाहून उन्हाळ्यातल्या भीमेची आठवण येणं साहजिक होतं. तिथून वळलो आणि मोबाइलची रेघ गेली. पुढं पेट्रोलपंप विरळ, म्हणून टाकी आधीच भरून घेतली होती. उजवीकडं मेंढ्यांची हिरवी कुरणं, डावीकडं समुद्र, आणि मधून एकदम दाट, काळोखं, शेवाळलेलं रान रस्त्यावर ओणवतं. त्यातले रिमू वृक्ष कित्येक शतकं जगतात.

नगेट पॉइंटला जमीन चाकूच्या पात्यासारखी निमुळती होत समुद्रात जाते आणि टोकावर १८७० मध्ये पेटवलेलं दीपगृह आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना खोल दरी. खाली खडकांवर फर सील पसरलेले, पिल्लं डबक्यांत पोहायला शिकत असलेली. वाऱ्यात त्यांचं भुंकणं तुटक तुटक वर येत होतं. तिथं आम्ही तासभर नुसते कठड्याला टेकून उभे होतो.

ओवाकाजवळ सुरत बे नावाची पाटी दिसली तेव्हा मी भाचीला गाडी थांबवायलाच लावली. गुजरातच्या सुरतेचं नाव पृथ्वीच्या या टोकाला? ‘सुरत’ हे इंग्लंडहून अडीचशेच्या वर स्थलांतरितांना घेऊन येणारं जहाज होतं. १ जानेवारी १८७४ ला ते या किनाऱ्यावर फुटलं. माणसं वाचली, जहाज गेलं, नाव राहिलं.

त्या वाळूवर आम्ही चालत असताना समुद्रानं आणून टाकलेला एक मोठा ओंडका दिसला. जवळ जातो तोच ओंडक्यानं श्वास सोडला. सोबत आलेल्या भाचेजावयांनी माझा दंड धरून मागं ओढलं. तो न्यूझीलंडचा समुद्रसिंह होता, नर, अंगावर वाळू उडवून झोपलेला. तीन-चारशे किलोचा देह. वीस मीटरचं अंतर ठेवायचं हा नियम. आम्ही माघारी जाऊन वाळूत बसलो. त्यानं एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं, वल्ह्यासारख्या पायानं पाठीवर वाळू घेतली आणि पुन्हा झोपला.

शिकारीमुळं हे प्राणी मुख्य भूमीवरून नाहीसेच झाले होते. १९९३ मध्ये ओटागोच्या किनाऱ्यावर एका मादीनं पिल्लू दिलं आणि तिच्यापासून इथली वसाहत पुन्हा सुरू झाली. त्या मादीला लोक ‘मम’ म्हणतात. २०२१ मध्ये डुनेडिनमध्ये एका मादीनं पिल्लू घातलं ते गोल्फच्या मैदानाजवळ. तिला समुद्राकडं जायला मधला डांबरी रस्ता ओलांडावा लागे. तेव्हा नगरपालिकेनं तो रस्ता गाड्यांना महिनाभर बंद ठेवला. भाची म्हणाली, ‘आम्ही वळसा घालून जायचो, मामा. कुणी कुरकुर केली नाही.’ मी ही गोष्ट सोलापुरात आल्यावर निदान वीस जणांना सांगितली असेल.

कॅथीड्रल केव्ह्ज मात्र हुकल्या. समुद्रानं कोरलेल्या, देवळाच्या गाभाऱ्यासारख्या उंच गुहा. त्यात जायचं तर ओहोटीच्या आसपासचेच काही तास. ती जागा माओरी मालकीची आहे आणि तेच फाटक उघडतात. आम्ही पोचलो ते ऐन भरतीला. समुद्र नसलेल्या गावात वाढल्यामुळं घड्याळापेक्षा चंद्र पाहून निघावं लागतं हे ध्यानातच आलं नाही. इकडं येणाऱ्यांनी आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून मगच दिवस आखावा.

त्या भरतीनंतरच्या ओहोटीचा फायदा झाला क्युरिओ बेला. संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही तिथं पोचलो तेव्हा पाणी मागं गेलं होतं आणि खडकाचं विस्तीर्ण अंगण उघडं पडलं होतं. त्या अंगणात झाडं आडवी पडलेली आहेत. खोडं दगड झालेली, पण वर्षांची वलयं बोटानं मोजता येतात. गुडघ्याएवढी बुंध्यांची थोटकं जागच्या जागी उभी. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचं हे रान. ज्वालामुखीच्या राखेचा चिखल पुरासारखा आला आणि उभं जंगल गाडून गेला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

मी एका खोडाजवळ उकिडवा बसलो. अठरा कोटी वर्षांपूर्वी ही जमीन आणि आपली जमीन एकाच गोंडवन महाखंडाचे भाग होते. ज्या नावानं जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ त्या खंडाला ओळखतात ते आपल्याच गोंडांच्या मुलखाचं नाव. सोलापूरचा काळा पाषाण, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठचा, भुईकोटाच्या तटाखालचा, तो लाव्हातून घडला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे माझ्या हाताखालचं खोड आपल्या दख्खनच्या दगडापेक्षा जवळजवळ तिप्पट जुनं. आणखी एक गोष्ट मनात आली. या रानात फुलं नव्हती, गवतही नव्हतं. फुलझाडंच अजून पृथ्वीवर यायची होती, आणि गवत तर त्यांच्याही कितीतरी नंतरचं. आपण ज्याला काहीच नसलेली जमीन म्हणतो तो माळ ही सृष्टीची फार अलीकडची, फार कष्टानं घडलेली गोष्ट आहे.

ऊन कलल्यावर सगळ्यांना खडकावरून वर लाकडी सज्जावर यावं लागलं, कारण ती पेंग्विनची वाट आहे. पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन, माओरी नाव होइहो. उंची दोन फुटांच्या जरा वर. डोळ्यांवरून मागं जाणारी फिकट पिवळी पट्टी. पेंग्विन म्हटलं की बर्फ आणि हजारोंचे थवे आठवतात. होइहो झाडीत घरटं करतो, शेजारी दिसणार नाही अशा आडोशाला. त्याचाही सविस्तर अभ्यास पहिल्यांदा केला तो त्याच रिचडेलनं, कित्येक वर्षं एकेका पक्ष्याला ओळखत. आता मुख्य भूमीवर होइहो झपाट्यानं घटतो आहे. पिल्लांच्या तोंडाला रोग होतो, समुद्रात जाळ्यांत पक्षी अडकतात, गरम झालेल्या पाण्यात मासे मिळत नाहीत.

सज्जावर पंधरा-वीस माणसं होतो. कुणी बोलत नव्हतं. एक लहान मुलगी बापाच्या कोटात तोंड खुपसून वाट बघत होती. नऊ वाजत आले तरी उजेड होता. मग लाटेतून एक काळा ठिपका खडकावर आला, उभा राहिला आणि थांबला. बराच वेळ थांबला. माणसाची चाहूल लागली तर तो परत समुद्रात जातो आणि पिल्लं उपाशी राहतात, म्हणून आम्ही श्वासही जपून घेत होतो. मग तो दगड झालेल्या खोडांवरून एकेक उडी मारत, पंख मागं धरून, चढाकडे निघाला. झुडपात शिरला. आतून पिल्लाची चिरकी हाक आली. पुढच्या अर्ध्या तासात दुसरा कुणी आला नाही. अंधार पडल्यावर माणसं एकमेकांना मान हलवून पांगली.

सकाळी शेजारच्या पॉरपॉइज बेमध्ये हेक्टर्स डॉल्फिन लाटांच्या पोटात दिसले. जगातल्या सर्वांत लहान डॉल्फिनपैकी, फक्त याच देशात आढळणारे, पाठीवर कानासारखा गोल पर. पोहणाऱ्या मुलांच्या पाचसहा हातांवर ते खेळत होते. मग स्लोप पॉइंट, दक्षिण बेटाचं अगदी दक्षिणेचं टोक. झाडं आयुष्यभर एकाच दिशेनं वारा सोसून केस मागं विंचरल्यासारखी वाकलेली. पाटीवर लिहिलं होतं: विषुववृत्त ५,१४० किलोमीटर, दक्षिण ध्रुव ४,८०३ किलोमीटर. घरापेक्षा ध्रुव जवळ होता.

शेवटचा थांबा वाइपापा पॉइंट. २९ एप्रिल १८८१ ला ‘तारारुआ’ नावाची आगबोट इथल्या खडकाळ पट्टीवर अडकली. किनारा समोर दिसत होता, तरीही १५१ पैकी १३१ माणसं बुडाली. जवळच त्यांच्यातल्या कित्येकांचं दफन आहे. दीपगृह १८८४ मध्ये पेटलं. पांढरं, लाकडी, बुटकं. त्याच्या पायथ्याच्या गवतात एक समुद्रसिंह झोपला होता आणि त्याच्याभोवती कुणीतरी चार खुंट्या ठोकून दोरी बांधली होती.

तिथून पुढं इन्व्हरकार्गिलपर्यंत जमीन सपाट होते. झाडं कमी, आभाळ फार मोठं, वाऱ्यावर एका बाजूला लवणारं उंच पिवळसर गवत. अर्ध्या वाटेवर मी भाचीला म्हटलं, ‘बाई, जरा बाजूला घे.’ कुंपणापाशी उतरून मी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत गेलो. गवताच्या वर एखादी पांढरी मान निघते का, हे बघायची चाळीस वर्षांची सवय आहे. दूरवर मेंढ्या होत्या. तरी पुन्हा एकदा, उजवीकडून डावीकडे पाहिलं. मग गाडीत येऊन बसलो.